मान आणि जबाबदारी : ठरवून केलेल्या मराठी लग्नातील घराची भूमिका

ठरवून केलेले लग्न हा या स्मृतिव्याख्यानाचा विषय असला, तरी त्यात वर आणि वधू यांच्याविषयी बोलणे कमीच होणार आहे, कारण महाराष्ट्रातील अशा लग्नाचा सगळा खटाटोप बारकाईने पाहिला तर त्या दोघांच्या वाट्याला निर्णय फार थोडे येतात. स्थळ कोणी सुचवायचे, चौकशी कोणी करायची, बैठकीला कोणी बसायचे, मांडवात नवरीच्या पाठीशी कोणी उभे राहायचे आणि पंगतीत पहिले पान कोणाचे मांडायचे, हे सारे घर ठरवते. आणि घर म्हणजे आईवडील, मामा, आत्या, चुलते, भावकी आणि प्रसंगी गावात ज्याच्या शब्दाला वजन आहे असा एखादा निवृत्त गुरुजीही. या सहभागाचे दोन प्रकार एकमेकांत इतके मिसळलेले असतात की ते सहसा वेगळे ओळखू येत नाहीत. एक प्रकार जबाबदारीचा, म्हणजे अमुक नातेवाइकाने अमुक काम करायचे आणि पुढे त्या संसाराला जामीन राहायचे. दुसरा मानाचा, म्हणजे अमुक नातेवाइकाला अमुक मिळालेच पाहिजे. गेल्या दीडशे वर्षांत लग्नातील पुरोहित, वय आणि पैसा या तिन्हींवर सुधारकांनी आणि कायद्यांनी हात घातला. मानाला मात्र फारसे कोणी शिवले नाही, आणि दरम्यान जबाबदारीची कामे एकेक करून कंत्राटदाराकडे गेली, हे या व्याख्यानाचे मुख्य म्हणणे आहे.

कोणाचे कोणाशी जमू शकते, येथून घराचे काम सुरू होते. ब्राह्मण आणि त्यांच्या रीतीने चालणाऱ्या जातींत गोत्र आणि प्रवर पाहिले जातात. गोत्र म्हणजे ज्या ऋषीपासून कुळ आले असे मानतात त्याचे नाव, आणि प्रवर म्हणजे त्या कुळात उच्चारली जाणारी पूर्वज ऋषींची नामावळी. मराठा व इतर अनेक समाजांत त्याहून महत्त्व देवकाला असते. देवक हे कुळाचे चिन्ह असून ते बहुधा झाड, वेल, फूल किंवा पक्ष्याचे पीस असते: कोणाचे कळंब, कोणाचे पंचपल्लव, साळुंख्यांचे साळुंकीचे पीस. लग्नाआधी देवक आणून मांडवात बसवतात, आणि ज्या दोन घरांचे देवक एक ती दोन्ही घरे भाऊभाऊ ठरत असल्याने त्यांच्यात सोयरीक होत नाही. खेड्यात ही सगळी तपासणी ‘पदर लागतो का’ या एका प्रश्नात उरकते. म्हणजे समोरच्या घराचे सोयरे शोधत गेले की आपल्या ओळखीचे एखादे घर त्यात कोठे तरी सापडते का, हे पाहिले जाते. पदर लागला की निम्मी चौकशी संपली असे समजतात, कारण त्या मधल्या घराने दोन्ही बाजूंची हमी घेतलेली असते.

या बाबतीत महाराष्ट्राची जागा उत्तर आणि दक्षिण यांच्या मधोमध आहे, असे इरावती कर्वे यांनी १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय नातेसंबंधांवरील आपल्या इंग्रजी ग्रंथात दाखवून दिले. उत्तरेत मुलगी अनोळखी, दूरच्या घरी देण्याकडे कल आहे, दक्षिणेत ती नात्यातच देण्याकडे आहे. महाराष्ट्रातील अनेक जातींत मामाची मुलगी करून घेणे चालते, एवढेच नव्हे तर पुष्कळ ठिकाणी भाच्याचा तो हक्कच समजला जात असे, पण आत्याची मुलगी करणे तितकेसे रुचत नाही, आणि दाक्षिणात्यांप्रमाणे मामानेच भाचीशी लग्न करणे येथे सहसा कोणी मान्य करत नाही. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने बहीणभावांच्या मुलांचा विवाह निषिद्ध ठरवला, मात्र जेथे तशी रूढी आहे तेथे तिला सूट दिली. म्हणून मामाच्या मुलीशी लग्न आजही रूढीच्या आधारे वैध ठरू शकते. कायदा करणाऱ्यांनी एरवी रूढीला बरेच वळण लावले, पण या ठिकाणी ते तिच्यापुढे थांबले.

स्थळ आणण्याचे काम पूर्वी मध्यस्थ करीत. मध्यस्थाचे खरे भांडवल म्हणजे दोन्ही घरी शब्द टाकता येण्याइतकी ओळख, आणि ती ओळख विकण्याचा मोह त्याला पडणारच, याची जाणीव मराठी समाजाला फार आधीपासून होती. गोविंद बल्लाळ देवल यांच्या १८९९ मधील ‘संगीत शारदा’ नाटकातला भद्रेश्वर दीक्षित हा असाच लग्ने जुळवणारा गृहस्थ असून, जरठ भुजंगनाथाला कांचनभटाची अल्पवयीन मुलगी मिळवून देण्याचा घाट तो पैशासाठी घालतो. त्या नाटकात पैसा वराकडून मुलीच्या बापाकडे जातो आणि नंतरच्या काळात त्याची दिशा नेमकी उलटी झालेली दिसते. व्यवहार मात्र दोन्ही वेळा दोन बापांमधलाच. पुढे मध्यस्थाची जागा वधूवर सूचक मंडळांनी, जातवार परिचय मेळाव्यांनी आणि १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून संकेतस्थळांनी घेतली. विवाह मंडळांचे नियमन आणि विवाहनोंदणी या दोन्हींसाठी महाराष्ट्राने १९९८ साली एकच कायदा केला, पण त्यातला नोंदणीचा भाग लोकांच्या परिचयाचा झाला आणि मंडळांच्या नियमनाचा बहुतेकांना ठाऊकही नाही. संकेतस्थळामुळे निवडीचा परीघ रुंदावेल अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात तेथेही पहिली गाळणी जातीची आणि पोटजातीचीच असते. २०११–१२ च्या भारत मानव विकास सर्वेक्षणात देशातील आंतरजातीय विवाहांचे प्रमाण सुमारे पाच टक्के आढळले होते. मुलगी पाहण्याच्या कार्यक्रमातल्या कांदेपोह्यांच्या बशीवर शहरी लेखकांनी भरपूर विनोद केले आहेत, त्यामुळे त्या प्रसंगाविषयी येथे अधिक काही सांगण्याचे कारण नाही.

घराच्या सहभागाचे खरे रूप दिसते ते बैठकीत. मुलगी पसंत पडली की दोन्हीकडची चार-चार वडीलधारी मंडळी मुलीच्या घरी जमतात, सतरंजीवर समोरासमोर बसतात, आणि ज्याचे अक्षर चांगले असा एखादा माणूस मधोमध कागद घेऊन बसतो. या कागदाला याद म्हणतात. वर श्री लिहून चारी कोपऱ्यांना हळदकुंकू लावले जाते, आणि मग कलमे लिहिली जातात: लग्न कोणाच्या दारी, मांडवखर्च कोणाचा, जेवण कोणाचे, नवरीच्या अंगावर कोणी किती तोळे घालायचे, नवरदेवाचा पोशाख आणि अंगठी, मानपानाच्या साड्या किती, भांडी कोणती. मुलाचा बाप या वेळी फारसे बोलत नाही; ‘आमचं काही नाही, पाहुणे म्हणतील तसं’ एवढे म्हणून तो तंबाखू मळत बसतो आणि त्याच्या वतीने चुलता किंवा मेहुणा मागणी घालतो, तर मुलीकडून मामा खाली ओढतो. बोलणी अडली की दोन्हीकडचे एकेक जण उठून अंगणात जातात, तेथे हळू आवाजात काही बोलतात आणि परत येऊन बसतात. आकडा बऱ्याचदा या अंगणातच ठरतो, आणि कागदावर तो लिहिला जात नाही. शेवटी सुपारी फुटते, साखर वाटली जाते आणि यादीच्या दोन प्रतींवर सह्या होतात. नवरा-नवरीची सही त्यावर कधीच नसते.

या पद्धतीत चांगुलपणाची एक परंपराही आहे, हे सांगितले नाही तर चित्र एकांगी राहील. ‘मुलगी आणि नारळ द्या’ म्हणणारे वरबाप प्रत्येक तालुक्यात आढळतात आणि त्यांचे नाव लोक वर्षानुवर्षे काढतात. यादीसाठी जमलेल्या मंडळींनी त्याच दिवशी, आहे त्या कपड्यांत, अक्षता टाकून लग्न उरकून घ्यायचे, या प्रकाराला खेड्यात ‘यादी पे शादी’ असे गमतीचे नाव पडले असून दुष्काळाच्या वर्षांत त्याला विशेष प्रतिष्ठा येते. घराचा सहभाग इतका दाट असल्यामुळेच हे शक्य होते: ज्यांनी खर्च वाढवायचा तेच लोक समोर बसलेले असतात, आणि त्यांच्यापैकी एकाने मनावर घेतले तर तो खर्च एका दुपारीत थांबतो.

यादीनंतर बस्ता. बस्ता बांधणे म्हणजे दोन्ही घरांनी मिळून एकाच दुकानातून लग्नाचे सगळे कापड घेणे. पाचपंचवीस माणसे तालुक्याच्या गावी जातात, दुकानातल्या गादीवर बसतात, आणि नवरीचा शालू एकदा ठरला की पुढचे कित्येक तास वरमाई, आजेसासू, आत्या, चुलत्या, मावश्या, नणंदा या क्रमाने साड्या निघत राहतात. कोणाला पैठणी, कोणाला नुसती काठपदर आणि कोणाला सुती, हे नात्याच्या अंतरावर ठरते. दुकानदाराला हा हिशेब इतका पाठ असतो की नाते सांगितले की तो त्या किमतीचा गठ्ठा समोर टाकतो. समाजशास्त्रज्ञाला नातेसंबंधांची जी श्रेणी आकृती काढून समजावून सांगावी लागते, ती येथे साड्यांच्या किमतीत उघड मांडलेली असते. येथे चूक झाली तर ती मांडवात रुसव्याच्या रूपाने बाहेर पडते, म्हणून लग्नघरातले अनुभवी लोक मुहूर्ताहून बस्त्याला अधिक भितात.

प्रत्यक्ष विधींत नातेवाइकांना जी कामे दिलेली आहेत, ती बहुतेक जबाबदारीची आहेत. नवरी गौरीहरापाशी, म्हणजे शिवपार्वतीच्या पूजेला, बसते तेव्हा तिच्या अंगावर मामाने दिलेले पिवळे वस्त्र असते आणि तिला मांडवात आणणाराही मामाच. अंतरपाटाच्या दोन्ही बाजूंना दोन मामा पाठीशी उभे असतात. करवली, म्हणजे बहुधा बहीण, नारळ ठेवलेला पाण्याचा करा घेऊन मागे थांबते. लाजाहोमात, म्हणजे अग्नीत लाह्यांची आहुती देताना, वधूच्या ओंजळीत लाह्या घालण्याचे काम तिच्या भावाचे असते, आणि त्याच सुमारास तो नवरदेवाचा कान पिळून आपला मान वसूल करतो. कानपिळीचा हा प्रकार हसण्यावारी नेला जात असला तरी त्याचा अर्थ पोरकट नाही. पुढे बहिणीला त्रास झाला तर विचारायला हा कान पिळणारा आहे, एवढे त्यातून सर्वांसमक्ष सांगितले जाते. सगळ्यात शेवटी येते झाल किंवा ऐरणी. वेळूच्या परडीत पिठाचे पेटते दिवे ठेवून ती परडी मुलीचे आईवडील वराकडच्या वडीलधाऱ्यांच्या डोक्यावर एकामागून एक टेकवतात आणि मुलगी त्यांच्या हवाली करतात. ज्याच्या डोक्यावर झाल टेकली त्याने मुलीची जबाबदारी घेतली, असा त्याचा सरळ अर्थ आहे, आणि मांडवातली बायामाणसे रडतात ती बहुधा याच वेळी. हिंदू विवाह कायद्याच्या सातव्या कलमाने जेथे सप्तपदीचा विधी आहे तेथे सातव्या पावलाला विवाह पूर्ण झाल्याचे मानले आहे. घराच्या दृष्टीने मात्र तो पूर्ण होतो झालीला.

मानाचे विधी याहून वेगळे आहेत आणि त्यांचा ओघ नेहमी एकाच दिशेने वाहतो. सीमांतपूजन म्हणजे गावाच्या शिवेवर येऊन ठेपलेल्या वराची मुलीकडच्यांनी केलेली पूजा. गावे जाऊन सभागृहे आली तरी लग्नाच्या आदल्या रात्री ते त्याच सभागृहात, दोन खुर्च्या मांडून होते. व्याह्यांची भेट, विहिणींचे पाय धुणे, विहिणींची रांगोळ्यांनी सजवलेली वेगळी पंगत, त्यांना आग्रहाने वाढणे आणि त्यांनी थोडे नाक मुरडणे, हे सगळे ठरल्याप्रमाणे चालते. वर्षभर घरात ज्यांच्या शब्दाला किंमत नसते अशा सासुरवाशिणी मुलाच्या लग्नात एक दिवस वरमाई होतात, आणि त्या दिवसाचा त्या पुरेपूर वापर करतात; म्हणून विहिणीच्या तोऱ्याची नुसती टवाळी करणे अन्यायाचे आहे. मात्र तो तोरा ज्या बाईला सोसावा लागतो तीही दुसऱ्या घरची आईच असते, आणि तिचा मान तिला मुलगा असेल तर त्याच्या लग्नात मिळायचा. ज्यांना मुलीच आहेत त्यांनी काय करायचे, याचे उत्तर या व्यवस्थेकडे नाही.

सुधारणेची सुरुवात पुरोहितापासून झाली. जोतीराव फुले यांनी १८७३ च्या सप्टेंबरात सत्यशोधक समाज स्थापन केला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात भटजीवाचून पहिला सत्यशोधक विवाह लागला. फुल्यांनी रचलेल्या मंगलाष्टकांत वर आणि वधू एकमेकांना उद्देशून बोलतात, वधू स्त्रीजातीच्या हक्कांची मागणी करते आणि वर त्याला मान्यता देतो. मराठी लग्नात नवरीला मांडवात बोलायला लावणारा हा बहुधा पहिलाच विधी. उखाण्यांच्या हौशीत नवरी बोलते खरी, पण नवऱ्याचे नाव घेण्यापुरती. पुढे वयाची पाळी आली: १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाचे किमान वय चौदा आणि मुलाचे अठरा ठरवले, १९७८ मध्ये ते अठरा आणि एकवीस झाले. १९५६ नंतर नवबौद्धांनी बुद्ध आणि बाबासाहेब यांच्या प्रतिमांसमोर साध्या प्रतिज्ञांनी लागणारे लग्न रूढ केले, आणि मुहूर्त, पत्रिका, देवक हे सगळे एका फटक्यात बाजूला ठेवले. एवढा धीटपणा महाराष्ट्रात दुसऱ्या कोणत्याही समाजाला सामुदायिक रीतीने दाखवता आलेला नाही.

पैशाच्या बाबतीत कायद्याची गत निराळी झाली. हुंडाबंदी कायदा १ जुलै १९६१ पासून लागू झाला, १९८४ च्या दुरुस्तीने हुंड्याची व्याख्या विस्तारली, पण स्वखुशीने दिलेल्या भेटींना मोकळीक राहिली आणि मानपान त्या मोकळिकीत आरामात जाऊन बसले. हुंडा हा मुलीचा वारसाहक्कच असून तो आधी दिला जातो, असे समर्थन घरोघरी केले जाई. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून अविवाहित मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाच्या बरोबरीने वाटा दिला, २००५ मध्ये केंद्राच्या कायद्याने विवाहितेलाही तो मिळाला, म्हणजे ते समर्थन उरायला नको होते. घडले असे की देणेघेणे तसेच चालू राहिले आणि त्याच्या जोडीला हक्कसोडपत्र आले. वडील गेल्यावर काही महिन्यांनी भाऊ बहिणींना गाडीत बसवून दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नेतो, त्या अंगठे उठवतात किंवा सह्या करतात, भाऊ साडी घेतो, आणि माहेरची वाट चालू राहते. लाह्या ओंजळीत घालणारा तो हाच भाऊ. बहिणीही हे समजून-उमजून करतात, कारण सासरी काही बिनसले तर उठून जायला माहेरचे दार उघडे असणे त्यांना दोन एकरांपेक्षा मोलाचे वाटते, आणि त्यांचा हिशेब आजच्या परिस्थितीत चुकीचा आहे असे छातीठोकपणे सांगता येत नाही. याउलट, गोव्यात पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या नागरी संहितेनुसार वेगळा करार केलेला नसेल तर पतिपत्नींची मालमत्ता समाईक होते आणि मुलामुलींचा वारसाहक्क सारखा असतो. तेथे लग्नाची सही निबंधकासमोर दोनदा करावी लागते, आणि ती वधूवरांनाच करावी लागते.

दरम्यान जबाबदारीची कामे पातळ होत गेली. केळवणापासून मांडव घालण्यापर्यंत जे भावकी आणि शेजार मिळून करीत, ते आता कार्यालय, केटरर, सजावटवाला आणि छायाचित्रकार यांच्याकडे आहे. मामा आजही नवरीला आणतो, पण मुंबई-पुण्यात ते छायाचित्रकार सांगेल त्या चालीने, आणि पुष्कळदा झाल वेळेअभावी गाळली जाते, संगीत नावाचा उत्तरेकडचा कार्यक्रम मात्र आदल्या रात्री दणक्यात होतो. परदेशातील मराठी लग्नांत भटजी प्रत्येक विधीचा अर्थ इंग्रजीत समजावून सांगतात, त्यामुळे तेथील पाहुण्यांना लाजाहोमाचा अर्थ येथल्यांपेक्षा अधिक ठाऊक असतो, ही थोडी खजील करणारी गोष्ट आहे. आणि मराठवाड्यात, जेथे पीक जाते तेथे याद काही बदलत नाही. २०१७ च्या एप्रिलमध्ये लातूर जिल्ह्यातील एका शेतकऱ्याच्या तरुण मुलीने आपल्या लग्नाच्या खर्चाचा बोजा वडिलांवर पडू नये म्हणून जीव दिला आणि तसे लिहून ठेवले. मुलगी जाते ती हुंड्याच्या आकड्यापायी, असे सरसकट म्हटले जाते. त्या आकड्याच्या खाली मानपानाची लांबलचक यादी असते, तिच्याकडे कोणी बोट दाखवत नाही.

घराचा सहभागच काढून टाकावा, असा निष्कर्ष यातून निघत नाही. दोन माणसांनी आपापले पाहून घ्यावे आणि कोणीच कोणाला जामीन राहू नये, ही स्थिती अडचणीच्या वेळी बाईला अधिक एकटी पाडते. टिकवायची तर कान पिळणारा भाऊ आणि झाल डोक्यावर घेणारे सासरे टिकवावेत, मानाची यादी मात्र दोन्ही बाजूंना समान करावी किंवा फाडून टाकावी. मुलीच्या आईचे पाय मुलाच्या आईने धुवायला काहीही हरकत नाही.

यासाठी नवा कायदा लागत नाही. हुंडाबंदी कायद्याखालील १९८५ च्या नियमांप्रमाणे लग्नात वधूला आणि वराला मिळालेल्या भेटींच्या स्वतंत्र याद्या लेखी करायच्या असतात. त्यात वस्तू, अंदाजे किंमत, देणाऱ्याचे नाव आणि नाते लिहून वधूवर दोघांच्या सह्या घ्यायच्या असतात, आणि वधूला मिळालेल्या वस्तूंची यादी वधूने स्वतःजवळ ठेवायची असते. बैठकीला बसणाऱ्या मामांनी, चुलत्यांनी आणि गुरुजींनी पुढच्या वेळी कागद हातात घेताना ही यादीही करायला लावावी, आणि अंगणात उठून जाऊन जे ठरते तेही तिच्यात लिहावे.